गार्डसाहेबांची सभा चारला

दौंड स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर आम्ही रिटायर मंडळी रोज सकाळी जमतो. लोकसभेची निवडणूक होऊन गेली, गुलाल दुसऱ्यांच्या डोक्यावर पडला, आमचा उमेदवार पडला. पण किस्से काही संपेनात! एकानं एक सांगितला की दुसऱ्याला दोन आठवतात. मतं कमी पडली, किस्से मात्र बक्कळ मिळाले. आता विसरायच्या आत लिहून काढतो, कारण टपरीवर प्रत्येक जण त्यात स्वतःचं तिखटमीठ घालायला लागलाय.

आमचा उमेदवार म्हणजे नामदेवराव. रेल्वेत गार्ड होते, म्हणून सगळे त्यांना गार्डसाहेबच म्हणतात. मी टीसी होतो. प्रचाराचा सगळा कार्यक्रम मी आखायचो. दोन मोठ्या पक्षांच्या झुंजीत आमचा छोटा पक्ष तिसरा, म्हणजे पेपरात 'आणि इतर' असं छापतात ना, ते आम्ही!

गार्डसाहेबांचं वचन एकच होतं. "निवडून आलो तर दर सोमवारी सकाळी दहाला पाळीपाळीनं एकेका तालुक्याच्या गावी बसणार. दहा म्हणजे दहा." बाकी रस्ते, पाणी, कांदा यावर ते बोलायचे, पण डोळे चमकायचे ते या दहाच्या वाक्यावर.

०

शिरूरच्या मतदारसंघातून फॉर्म भरला त्याच दिवशी गार्डसाहेब मला घेऊन आपल्या जन्मगावी गेले. भीमेच्या पलीकडं, शिरूर तालुक्यात. थोरले बंधू आप्पा तिथं शेती करतात. घराण्यात पूर्वी मेंढरं होती. गार्डसाहेब एकोणिसाव्या वर्षी मेंढरं सोडून रेल्वेत गेले ते दौंडचेच झाले. आप्पा मात्र गावातच राहिले आणि एका मोठ्या पक्षाचे पक्के कार्यकर्ते झाले.

गार्डसाहेब पाया पडले. आप्पांनी आशीर्वाद दिला, जेवायला वाढायला सांगितलं, आणि भाकरी मोडता मोडता म्हणाले, "नाम्या, कवाबी ये, जेवून जा. पर गावात मत मागू नगं. तुझ्या सभंला हितलं कुत्रं बी याचं न्हाई!"

परत येताना गार्डसाहेबांनी नदीच्या पुलावर गाडी थांबवली. मग म्हणाले, "आपली शेवटची सभा माझ्या गावात. शेवटच्या दिवशी, दुपारी चारला. लिहून ठेव."

"आणि कुणी आलंच नाही तर?"

"जिंकायचं काय ते लोक बघतील. पण गावानं मला एकदा बसून ऐकावं, एवढी इच्छा आहे."

मी लिहून ठेवलं. खरं सांगतो, त्या दिवसापासून रोज कार्यक्रम काढला की आधी त्या चारकडंच नजर जायची.

०

चिन्हाची गंमत ऐका. गार्ड म्हणून आम्ही हौसेनं शिट्टी मागितली. मिळाली ढोबळी मिरची!

एका गावात आम्ही पत्रकं वाटत होतो. शेडनेटमधून एक शेतकरी बाहेर आला, चिन्ह बघितलं आणि हसत सुटला. "सायेब, आमची क्रेटच्या क्रेट ढोबळी मार्केटात कुणी हात लावंना, आन् तुमच्या ढोबळीला मतं कोण देणार?"

गार्डसाहेब शांतपणे म्हणाले, "म्हणूनच दिल्लीला न्यायची आहे."

गडी तसाच शेडनेटमध्ये परत गेला. बाहेर येऊन त्यानं आम्हाला एक क्रेट भेट दिलं. आठवडाभर आमच्या प्रचार कार्यालयात दोन्ही वेळेला ढोबळीचीच भाजी होती. आजही ती ताटात दिसली की मी उठून जातो.

०

सभेची आमची पद्धत रेल्वेची. पत्रकावर दहा म्हटलं की दहाला गार्डसाहेब खिशातली हिरवी झेंडी काढायचे, घड्याळ बघायचे, झेंडी दाखवायचे आणि मी माइक सुरू करायचो. समोर माणूस असो नसो!

पहिल्या सभेला समोर एकच आजोबा होते. तेही पारावर झोपलेले. गार्डसाहेबांनी सुरुवात केली, "मतदार बंधू आणि भगिनींनो..."

आजोबा दचकून उठले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "कुणाला म्हणतुयास रं? हितं तर मी एकलाच हाय!"

वीस मिनिटांचं भाषण संपवून, गार्डसाहेबांच्या खिशातल्या वहीत वेळ टिपून आम्ही निघालो. बारा वाजता गावातून फोन आला, "अहो, माणसं जमली, सायेब कुठं हायेत?" साहेब तेव्हा तिसऱ्या गावात बोलत होते.

एका सरपंचांनी तर मला बाजूला घेऊन समजावलं, "मोठा पुढारी तीन तास उशिरा येतो. टायमावर येतो त्याला काम न्हाई, असं लोक धरून चालत्यात."

हे गार्डसाहेबांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, "माझ्या गाडीत हजारभर माणसं असायची. सगळ्यांना काम असायचं."

मला तेव्हा वाटलं होतं, हा माणूस हट्टी आहे. आता वाटतं, बरं झालं हट्टी होता.

०

माझी चूकही सांगून टाकतो, नाहीतर टपरीवरचे सांगतीलच. आम्हा रेल्वेवाल्यांना स्टेशनं पाठ असतात, मतदारसंघ नव्हे. पुलाच्या अलीकडचं एक मोठं गाव मी कार्यक्रमात घालून टाकलं. सभा अशी रंगली म्हणता! माणसं वेळेवर, बायका पुढं बसलेल्या, टाळ्यांवर टाळ्या. मला वाटलं, आता हवा फिरली!

भाषण संपल्यावर सरपंच चहाचा कप पुढं करत म्हणाले, "सायेब, भाषान लई झ्याक झालं. पर आमची मतं दौंडाकडच्या मतदारसंघात हायेत. तुमचा मतदारसंघ पुलापलीकडं सुरू व्हतो."

मी कपाळाला हात लावला. "मग आधी का नाही सांगितलं?"

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही भाषान केलं असतं व्हय?"

गार्डसाहेब पोट धरून हसले. पण सरपंच पुढं जे बोलले ते मी विसरणार नाही. म्हणाले, "आमच्या गावच्या किती लेकी पलीकडं दिल्यात. आज सगळ्यांस्नी फोन जाईल."

आणि फोन गेले हो! नदीपलीकडं दोन-तीन गावांत बायकांनी गार्डसाहेबांना ओवाळलं. "माझ्या भावाचा फोन आल्ता," एवढंच म्हणायच्या.

०

कोरेगाव भीमाकडच्या कारखान्यांच्या गेटवर शिफ्ट सुटताना सभा ठेवली. तिथं मात्र आमचं टायमिंग फिट्ट बसलं. भोंगा आणि झेंडी एकदमच! कामगार थांबले, पूर्ण ऐकलं. एका बिहारच्या पोरानं गार्डसाहेबांचा हात हातात घेतला.

"साहब, वोट तो हमारा गाँव में है. लेकिन आप टाइम पे आए, इसलिए रुक गए."

मी वैतागून म्हटलं, "आपल्याला टाळ्या वाजवणारा एक तरी माणूस या मतदारसंघातला आहे का हो?"

तर जीपमध्ये मागं बसलेल्या वहिनी, म्हणजे गार्डसाहेबांच्या मिसेस, म्हणाल्या, "मी तरी कुठं आहे? माझं मत दौंडला. यांचंही दौंडलाच!"

खरंच की! लोकसभेला कुठूनही उभं राहता येतं, मत मात्र नाव असेल तिथंच. म्हणजे आमच्या उमेदवाराला स्वतःचंही मत मिळणार नव्हतं. पुढं एका पत्रकारानं विचारलं, "किती मतं पडतील असं वाटतं?" गार्डसाहेब म्हणाले, "तुमच्या अंदाजातून दोन वजा करा. आम्ही नवरा-बायको पलीकडचे."

०

आता शेवटचा दिवस. संध्याकाळी प्रचार संपणार होता आणि चारला गावची सभा.

आम्ही वेळेत निघालो होतो. पण हायवेवर एका बड्या नेत्याचा ताफा आला आणि सगळा रस्ता जाम. साडेतीन झाले. पावणेचार झाले. गार्डसाहेब एकसारखे घड्याळ बघत होते. गावच्या फाट्याला लागलो तेव्हा चार वाजून गेले होते, आणि पुढं बैलगाड्या, ट्रॅक्टर, सगळंच अडकलेलं. गार्डसाहेब खाली उतरले आणि धोतर सावरत चालायलाच लागले. मी मागं पळतोय.

"साहेब, पाच-दहा मिनिटांनी काय बिघडतं?"

ते वळलेसुद्धा नाहीत. "सगळ्या जिल्ह्यात वेळेवर गेलो. आणि माझ्याच गावात लेट!" त्यांनी सोगा वर खोचला आणि पावलं आणखी झपाझप टाकली. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं.

गाव जवळ आलं तसा लाऊडस्पीकर ऐकू यायला लागला. आमचा माइक तर जीपमध्ये! मी म्हटलं, झालं, आप्पांच्या पक्षानं मैदान मारलं. गार्डसाहेबांचे पाय क्षणभर थांबले, पण पुन्हा चालायला लागले.

देवळापुढं आलो. अख्खा गाव बसला होता. बायका, म्हातारे, तरणी पोरं, सगळे खाली सतरंजीवर. आणि माइकपुढं आप्पा उभे. गळ्यात त्यांच्या पक्षाचं उपरणं.

"...आन् पुन्यांदा सांगतो, माझं मत त्येला न्हाई. सारा जनम एका झेंड्याखाली काढला, आता बदलत न्हाई. पर माझा भाऊ लबाड न्हाई. चार म्हणला म्हंजी चार. त्यो आला न्हाई म्हंजी त्येला रस्त्यात कुणीतरी अडवलंय. सभा थांबायची न्हाई."

तेवढ्यात त्यांना आम्ही दिसलो. आप्पांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि माइकमधूनच म्हणाले, "नाम्या, बारा मिन्टं लेट हाईस."

गार्डसाहेब घामानं निथळत होते. मान खाली घालून म्हणाले, "व्हय, आप्पा."

"मी चारला सुरू केलीया. घे."

आप्पांनी माइक त्यांच्या हातात दिला आणि स्वतः जाऊन पहिल्या रांगेत मांडी घालून बसले. उपरणं तसंच गळ्यात.

गार्डसाहेबांनी माइक काखेत धरला. मग त्यांनी खिशातून वही काढली. गाव बघत होता. त्यांनी पेन काढून सावकाश काहीतरी लिहिलं, वही माझ्याकडं दिली आणि मग बोलायला लागले.

मी वहीत बघितलं.

'सभा : राइट टाइम. गार्ड : बारा मिनिटं लेट.'