भिजलेली पोती

हे मी कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलाजवळ नाही. देवापुढे हात जोडले तेव्हाही दुसरंच काहीतरी मागत राहिले. आज तुम्हाला सांगते आहे, पण एक आधीच ऐकून ठेवा — मला तुमची दया नको. मी जे केलं त्यातलं अर्धं मी उद्या पुन्हा करीन. उरलेलं अर्धं... त्याच्यासाठीच तर बसले आहे.

माझं माहेर अमरावतीचं, राजापेठेतलं. वडील वैद्य, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. लग्न होऊन अकोल्याला आले. यांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं, आणि पन्नास साल उलटल्यावर त्यात कपाशीवर मारायची डीडीटी आली. घरामागच्या खोलीत पोती उतरायची. हे आणि दुकानातला गडी नामदेव, दोघं उघड्या हातांनी ती पावडर पुड्यांत भरायचे. यांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. तसेच ताटावर येऊन बसायचे. कुणाला काय ठाऊक? मी स्वतः ती गाद्यांखाली भुरभुरवायची आणि ढेकूण मेले म्हणून खूश व्हायची.

मूल होईना. दोष कुणाचा, हे तरी कुणी विचारलं का? माझाच, हे ठरलेलं. हळदीकुंकवाला माझी ओटी भरताना बायकांचे हात थबकायचे. सासूबाईंनी सांगितले ते सगळे उपास मी केले. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी मला तपासलं, मग यांनाही. घरी आल्यावर दार लावून हे म्हणाले, "दोष माझ्यात आहे. बीज जवळपास मेलेलंच आहे म्हणे. कोणाले सांगू नको." त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं. शब्द दिला. आणि सासरी तो पाळला — वांझ म्हणवून घेतलं.

अण्णांपुढे मात्र तोंड उघडलं. वैद्यापासून काय लपवायचं? त्यांनी पहिलं विचारलं ते हे, की जावई दिवसभर काय हाताळतात. मी सांगितलं. "खात्रीनं नाही सांगता येत," ते म्हणाले, "पण किड्याचा वंश बुडवणारी वस्तू माणसाला सोडेल कशाला? मला तिचाच संशय आहे." आवळा, अश्वगंधा आणि गोखरूचं चूर्ण त्यांनी करून दिलं. आवळा शरीराला आतून गंजू देत नाही, असं ते नेहमी म्हणायचे. पण पुडी हातात ठेवताना बजावलं, "रोज विषात हात घालायचे आणि वरून आवळा खायचा, ह्यानं काय होणार? आधी ती पावडर सुटू दे."

चूर्ण मी पित्तावरचं म्हणून दुधातून देऊ लागले. पावडरीचं काय? तिचं नाव काढलं की हे भडकायचे. "कावून सोडू? साऱ्या वऱ्हाडाले पावडर पाहिजे, अन् मीच दुकान बंद करू?"

त्याच सुमारास सासूबाईंनी चांदूर रेल्वेची एक मुलगी पाहून ठेवली. दुसरी बायको करायला बंदीचा कायदा आला होता; पण आमच्या माजघरात कायद्याला कोण विचारतं? मी यांच्याकडे पाहिलं. सगळं ठाऊक असलेला हा माणूस मान खाली घालून भात कालवत बसला.

मग मी केलं.

नवा माल आला होता. पोती अजून रचली नव्हती, खोलीभर जमिनीवर पसरलेली होती. हे दर्यापूरला गेलेले. दुपारी नामदेवनं अंगणातल्या हौदावर हात धुतले आणि तो जेवायला घरी गेला. सासूबाई झोपल्या होत्या. मी अंगणातल्या मोरीच्या तोंडात चिंध्या कोंबल्या आणि हौदाची तोटी पूर्ण सोडली. खोलीचा उंबरा ठेंगणा. पाणी अंगणात साचलं, वळलं, आत शिरलं. मी चौकटीत उभी राहून पाहत होते. काय वाटत होतं सांगू? आनंद! मग चिंध्या काढून चुलीत घातल्या.

संध्याकाळी पोत्यांत नुसते चिखलाचे गोळे. कंपनीचा माणूस येऊन पाहून गेला आणि पावडरीची एजन्सी दुसऱ्याला दिली. पण त्याआधी, त्याच संध्याकाळी, यांनी नामदेवची गचांडी धरली — दारू पिऊन तोटी उघडी टाकलीस म्हणून. तो माझ्याकडे वळला.

"बाई, म्या तोटी बंद केलती जी. तुमी पाह्यलं ना? तुमीच सांगा."

पाहिलं होतं मी. बंद करून जाताना तो पुन्हा मागे आला होता, आणखी एकदा आवळून गेला होता. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"मी आत होते," मी म्हणाले. "मला माहीत नाही."

बाजारात दारुड्या म्हणून त्याचं नाव झालं. अकोल्यात कुणी त्याला कामावर घेईना. बायकोला घेऊन तो दर्यापूरकडे गेला. यांनी गुरांच्या सरकी-ढेपेचा धंदा धरला. धंदा बुडाला म्हटल्यावर चांदूरवाल्यांनीच पाय मागे घेतला. चूर्ण चालू होतं. पुढे मला दिवस गेले, मुलगा झाला. आवळ्यानं झाला, की पावडर घरातून गेली म्हणून? मला माहीत नाही. सासूबाई उपासांमुळे म्हणाल्या. म्हणू दिलं.

मुलगा चालू लागला होता तेव्हाची गोष्ट. दर्यापूरच्या मोटार स्टँडवर नामदेवची बायको भेटली. "हे पोरगं तुमचं व्हय का जी बाई?" म्हणत तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. मी नामदेवचं विचारलं.

"आता प्याले लागले," ती म्हणाली. "पहिले नव्हते पीत. तुमाले तर माहीत हाय."

सांगता आलं असतं. तिथेच, उभ्या उभ्या. मी मुलाला उचललं आणि मोटारीत चढले.

नामदेव त्या दारूतच गेला. हे गेले तेही त्याला दोष देतच. आता तुमच्यातलं कुणी म्हणेल, बाई, तो तरी त्या विषातून सुटलाच ना? हे माझ्यासाठी म्हणू नका. मी स्वतःला ते म्हणून पाहिलं आहे. पोती भिजवल्याचं मला दुःख नाही. कुणी काहीही म्हणो, नाही. पण पोती तर भिजून चुकली होती. त्यानंतर मी कशाला भ्याले? कुणाचं बाळ वाचवत होते तेव्हा? खरं बोलले असते तर फार तर माझं घर मोडलं असतं. मी बोलले नाही, म्हणून त्याचं मोडलं.