बैलांना अहो म्हणणारा मेहुणा

शेतकरी मी पुष्कळ पाहिले. पण शेत तिकडे वैनगंगेकाठी आणि स्वतः इकडे भिलाईत, अशा अवस्थेत चोवीस तास शेतकरी राहून दाखवणारा माझ्या मेहुण्यासारखा दुसरा इसम या पृथ्वीतलावर झाला नाही. आमच्या हिचा हा धाकटा भाऊ. इथे पोलादाचा कारखाना उभा राहत होता, मुरूम वाहायला बैलगाड्या हव्या होत्या. ती बातमी कानावर पडताच हे विशीतलं प्रकरण जोडी जुंपून, वाटेत मुक्काम करत करत, एका फाल्गुनात थेट सेक्टर दोनमधल्या आमच्या क्वार्टरसमोर उभं राहिलं. "भाऊजी, उन्हाळाभर गाडी हाकतो. रोवणीले वापस." रोवणी म्हणजे धानाची लावणी. जगात दुसरी तारीख असते हे त्याला मान्यच नव्हतं.

मला सोडून बाकी सगळ्या माणसांना तो सरसकट अरेतुरे करी. मुकादमाला, ठेकेदाराला, एकदा तर मोठ्या इंजिनिअरलासुद्धा. बैलांशी मात्र अहोजाहो. "उठा आता. पाणी घेता का? घ्या बरं." मी कारण विचारलं तर म्हणाला, "ते माह्यासाठी राबतेत, भाऊजी. मुकादम राबते का?" भर दुपारी, कामाच्या ऐन घाईत, तो रस्त्याच्या मधोमध जोडी सोडून त्यांना विश्रांती देई. मागे डंपरवाला भोंगा वाजवून बेजार. हा शांतपणे जाऊन विचारी, "तुहं जनावर थकते का? नाही ना? मंग थांब जरासा." आणि काय सांगू, तो थांबे!

जमीन दिसली की हा पीक बघणार. भट्टीच्या पायासाठी एवढा मोठा खड्डा खणलेला, काठावर एक रशियन साहेब आणि त्याचा दुभाषा नकाशा पसरून उभे. याने खाली वाकून चिमूटभर माती उचलली, जिभेवर ठेवली आणि साहेबाला म्हणाला, "माती गोड हाये. हिच्यात लोखंड कावून पेरून राहिले बे?" दुभाष्याने काय सांगितलं देव जाणे, साहेब खो खो हसला आणि त्याने याला सिगारेट दिली. याला हसू आलं नाही. संध्याकाळभर "गोड माती होती, भाऊजी" एवढंच चाललं होतं. आमच्या न्हाणीचं सांडपाणी अडवून त्याने अंगणात धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकले, तेव्हा शेजारच्या फोरमनच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या. त्यांना हा समजावतो काय, तर "तूबी वांगे लावून घे!"

पहिल्या वर्षी थोरल्या भावाने रोवणी सांभाळली, म्हणून हा राहिला. मग आला पोळा. आमच्याकडे आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तुपाने चोळतात आणि त्यांना जेवणाचं निमंत्रण देतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." घरच्या बैलांना देतात हो! याने शेजारच्या खुर्सीपार वस्तीतल्या यच्चयावत गाडीवानांच्या बैलांना दिलं. दुसऱ्या दिवशी सेक्टर दोनच्या रस्त्यावर बैलांची ही रांग. आमच्या हिचं कुंकू संपलं, पुरण संपलं, शेजारणींनी पोळ्या आणून दिल्या त्याही संपल्या. "अगं माय, अजून किती हाये रे?" ही ओरडत होती, आणि हा नवरदेवाच्या बापासारखा प्रत्येक बैलाचं स्वागत करत होता. त्याला इतकं सुखात मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

कारण पुढे लग्नाचं निघालं. मुलींचे बाप मुलगा बघायला भिलाईलाच येत. गावात कोण येणार? हा खुशीत येऊन आपल्या बांध्यांची, म्हणजे धानाच्या वाफ्यांची, ओल, मातीचा रंग, बैलांचा स्वभाव सांगत सुटे. पाहुणा चहा संपवून विचारी, "ते असू द्या. पर्मनंट कवा होता? क्वार्टर कवा भेटते?" हा साफ सांगे, "मी त रोवणीले घरी जाणार." पाहुणा टोपी घालून उठे. एक गेला, दुसरा गेला, तिसऱ्याच्या वेळी हिने आतून डोळे वटारले, तरी याचं उत्तर तेच. मी चिडून म्हणालो, "अरे, खोटं बोल की जरा!" तर म्हणतो, "मंग तिले तिकडे नेल्यावर काय सांगू?"

त्या वर्षी थोरला भाऊही कामासाठी गाव सोडून गेला होता; आषाढात हा खरोखरच गेला. गाडी जुंपली, बैलांना "चला, घरी जाऊ" म्हणाला आणि मागे वळूनही न बघता गेला.

महिन्याभराने, एका दुपारी, पॅसेंजरने एकटाच परत आला. हिने दारातच विचारलं, "बैल कुठी हायेत रे?"

"बाबानं इकले."

"कावून?"

तो पायरीवर बसला. "गावात माह्या जोडीचा एक पोट्टा नाही, बाई. रोवणीले बायाच बाया, अन् म्हातारे. सारे इकडेच आले. मी रोवलं. बाबा शेताच्या धुऱ्यावर बसून पाहे. रोवणी झाली अन् बाबानं व्यापाऱ्याच्या हाती कासरा देल्ला. म्हणे, बैल राहिले त तू दरसाल येशील. नोको येऊ. शेतीवाल्याले कोणी पोरगी देत नाही. तिकडेच माणूस हो." ही पदर तोंडाला लावून आत गेली. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "पण मले शेतीच येते ना, भाऊजी." बापाचा मला भयंकर राग आला. आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही कासरा सोडला असता, म्हणून माझाच त्याहून जास्त आला.

मी साहेबांच्या हातापाया पडून त्याला हेल्पर म्हणून चिकटवलं. पुढे पर्मनंट झाला, क्वार्टर मिळालं, मुलगीही चांगली मिळाली. आता तो मुकादमालाही साहेब म्हणतो, वेळेवर जातो, वेळेवर येतो. लोक माझ्याकडे त्याची तारीफ करतात, फार सरळ माणूस म्हणतात, आणि मी मान हलवतो. परवा तो सायकलवरून जाताना भेटला. ढग भरून आले होते. मी मुद्दामच विचारलं, "काय रे, यंदा तिकडे धान कसं आहे?"

"कोणाले ठाऊक, भाऊजी," तो म्हणाला. "सेकंड शिफ्ट हाये. जातो."