चपला काढा बठ्ठा

"चपला काढा बठ्ठा!" धुळ्याच्या आमच्या डॉक्टरबाई पेशंटचं नाव विचारायच्या आधी हे म्हणायच्या. बठ्ठा म्हणजे सगळे; दुखणं एकाचं, पण सोबत आलेल्या साऱ्यांनी पाय दाखवायचे. मला आधी वाटलं, बाईंना स्वच्छतेचं खूळ आहे.

मी पारोळ्याहून तीन महिन्यांच्या लेकीला घेऊन गेले होते. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं जन्मतःच चिकटलेली. घरात निकाल लागून गेला होता: मी ग्रहणात भाजी चिरली. चिरली होतीच हो, भूक लागली होती! पण आता त्या हाताकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती. आईच जर वैरीण, तर लेकीनं जावं कुठे, तुम्हीच सांगा.

सासूबाईंनी बाईंनाही तेच सांगितलं. "इनी ग्रहणमा भाजी चिरी."

"कितवा महिना होता?"

"सातवा."

बाईंनी बोटं जुळवून पंजा टेबलावर ठेवला. "पोटात हात आधी असा असतो, उलथन्यासारखा. मग मधली कातडी झडते आणि बोटं सुटी होतात. हे दुसऱ्या महिन्यातच उरकतं. भाजी चिरायला फार उशीर झाला तुम्हाला!"

मी हसले की रडले, आठवत नाही. बहुतेक दोन्ही.

मग बाई खाली वाकल्या. सासूबाईंच्या पायाची अंगठ्याशेजारची दोन बोटं जुळलेली होती. "हाई काय शे, अक्का?"

"हाई लक्ष्मीनं पाऊल शे," सासूबाई तोऱ्यात म्हणाल्या. "मन्ही मायनं बी असंच व्हतं."

"मग तीच लक्ष्मी नातीच्या हातात आली. बोटं सुटी करायचा निरोप जनुकांतून येतो. तुमच्या घराण्यात तो थोडा चुकतो, कुणाच्या पायात, कुणाच्या हातात. दोष कुणाचाच नाही."

परतीच्या बसमध्ये सासूबाईंनी नातीला माझ्याकडून मागून घेतलं. अमळनेर फाट्यापर्यंत तिच्या जुळल्या बोटांवरून अंगठा फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "ते भाजीनं मनवर लेऊ नको, माय."

पुढे ऑपरेशन झालं, बोटं सुटी झाली. बाईंनी मला माझी लेक परत दिली असं मी म्हणते, तेव्हा लोकांना ते ऑपरेशनच वाटतं. वाटू द्या.

गेल्या महिन्यात बाई गेल्या. आम्ही तिघी त्यांच्या घरी गेलो. दाराबाहेर चपलांचा हा ढीग! सासूबाईंनी नातीचा हात धरून आपल्या चपला काढल्या, उघडी पावलं फरशीवर टेकली आणि आत बघत म्हणाल्या, "बठ्ठास्नी काढ्यात वं, बाई."