आमचा एसी दहा मिनिटंच चालतो

आधी चहा संपवा. कारण आता जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही हसणार, आणि हसताना चहा सांडला की आमची ही मलाच बोलणार. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, एवढं ध्यानात ठेवा. म्हणजे मी केलेला घोळ किती मोठा होता, याचा तुम्हाला नीट अंदाज येईल.

गेल्या वर्षीची गोष्ट. भादवा सरत आला होता, पाऊस आठ-दहा दिवस दडी मारून बसलेला. आमच्या दहिवलीत भादव्याचं ऊन म्हणजे काय सांगू तुम्हाला? खालून ओली जमीन वाफ सोडते, वरून ऊन, आणि मध्ये माणूस इडलीसारखा शिजतो. त्यात आमची लेक मनीषा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. आठवा महिना, पाय सुजलेले, झोप नाही. तिच्या पनवेलच्या घरी खोल्याखोल्यांत एसी. आमच्याकडे एकच, मार्चमध्ये घेतलेला, तोही खास तिच्या खोलीत. पावसाळाभर त्याला कुणी हात लावला नव्हता. आता लावला, तर दहा मिनिटं गार हवा आली आणि मग नुसता पंखा. अर्ध्या तासाने परत दहा मिनिटं, परत पंखा.

दोन दिवस पोरीने सोसलं. तिसऱ्या दिवशी जावयाचा फोन आला. "बाबा, रविवारी गाडी घेऊन येतो. तिला इकडेच नेतो. तुमच्या मनाला लावून घेऊ नका."

कसं लावून घेऊ नको? पहिली खेप माहेरी व्हायची, असं आम्ही दोघांनी वर्षभर मनात धरलेलं. पाळणा रंगवून ठेवला होता मी. त्या दहा मिनिटांच्या एसीपायी पोर घरातून जाणार, हे मला मान्यच नव्हतं.

"आवो, त्या सलीमला बोलवा ना शिळफाट्यावरून," ही म्हणाली.

सलीम एसीची कामं करतो आणि तो माझा विद्यार्थी. वर्गात अर्धा वेळ मी त्याला बाकावर उभा केलेला. त्याला मी बोलावू?

"विज्ञानाचा मास्तर आहे मी," मी म्हटलं. "रविवारच्या आत एसी चालू करून दाखवतो."

आणि कामाला लागलो. आतल्या मशीनच्या जाळ्या काढून धुतल्या, वाळवल्या, बसवल्या. दहा मिनिटं. मग व्होल्टेज कमी असणार म्हणून नवा स्टॅबिलायझर आणला. दहा मिनिटं. मग गार हवा निसटत असणार, म्हणून हिच्या जुन्या साडीच्या पट्ट्या फाडून खिडक्यांच्या फटीत कोंबल्या, दाराखाली पोतं लावलं. दहा मिनिटं. गच्ची तापते म्हणून गच्चीला चुना मारला. शुक्रवारी माझी कंबर धरली, पण एसी काही ऐकेना.

शनिवारी माझं लक्ष शेजारच्या बाळारामच्या पिठाच्या चक्कीवर गेलं. सगळी लाईट हीच खात असणार! गेलो तडक.

"बाळाराम, आजचा दिवस चक्की बंद ठेव."

"काय झालं रं मास्तर? सणाची दळणं पडलीत."

"लेकीच्या बाळंतपणाचा प्रश्न आहे."

बिचाऱ्याने केली बंद. आळीतल्या बायका डबे घेऊन आल्या, तशाच परत गेल्या, आणि जाताना माझ्या घराकडे जे बघून गेल्या ते सांगत नाही. तासाभराने बाळारामने कुंपणावरून विचारलं, "थंड झालं काय?"

"नाही अजून."

आता राहिली गच्चीवरची पेटी, म्हणजे एसीचा बाहेरचा भाग. वर गेलो, हात लावला, तर ती तव्यासारखी तापलेली. मला एकदम उलगडा झाला. ऊन लागतंय तिला! लगेच दोन पोती भिजवून तिच्यावर घातली, सावली हवी म्हणून वरून आणखी एक ताडपत्री टाकली आणि सुतळीने घट्ट आवळली. खाली येऊन एसी लावला. या वेळी पाच मिनिटांत बंद.

मनीषाने बॅग काढली. कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि घाम पुसत होती. मी दारातून बघितलं आणि बाहेर जाऊन सलीमला फोन लावला. नाक गेलं तर गेलं म्हटलं.

रविवारी सकाळी सलीम आला. खोलीतल्या मशीनकडे पाच मिनिटं बघितलं, मी कोंबलेल्या साडीच्या पट्ट्यांकडे त्याहून जास्त वेळ बघितलं.

"सर, बाहेरची पेटी कुठं हाय?"

वर नेलं. त्याने चारी बाजूंनी फेरी मारली.

"सर, हे गाठोडं कसलं हाय?"

"तीच पेटी. आगोटीला, पावसाच्या तोंडावर बांधली."

आता तुम्ही इकडचे असाल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. मे संपत आला की आमच्याकडे माणूस सोडून सगळं बांधतात. लाकडं, पाण्याची मोटार, स्कूटर, खिडक्यांवर झडपा. घाटाखालचा पाऊस आडवा येतो, उघडं काही ठेवायची सोय नाही. आणि हे सगळं उतरवायचं कधी? दसऱ्याला. वडिलांपासून हेच चालत आलं. दसऱ्याला अजून तीन आठवडे होते. पेटी सोडायचा विचारसुद्धा माझ्या डोक्यात आला नव्हता.

सलीम गाठी सोडायला बसला. कालची ताडपत्री निघाली, पोती निघाली, मे महिन्यातली ताडपत्री निघाली आणि तिच्याखालून माझी जुनी चादर निघाली.

"सर, घरातली गरमी ही पेटी बाहेर टाकते. तुमी तिचंच तोंड बांधलं. सोताचीच गरम हवा गिळते नि तापून बंद पडते. नशीब, जळली नाय." मग हळूच म्हणाला, "गरमी गरम जागंकडनं थंड जागंकडं जाते, तिला वाट लागते, असं तुमीच शिकवलेलं सातवीला."

"तू तेव्हा लक्ष देत होतास?"

"नाय सर. पन बाकावर उभं ऱ्हायलं की ऐकू येतंच."

तेवढ्यात खालून बाळारामचा आवाज आला. "मास्तर, मग चक्की चालू करू काय?"

 मी वरूनच हाताने ‘कर’ अशी खूण केली.

एसी लावला. दहा मिनिटं झाली, वीस झाली, तास झाला. गार हवा येतच राहिली. दुपारी जावई आला तेव्हा मनीषा पांघरूण घेऊन गाढ झोपलेली होती, आठवड्यात पहिल्यांदा. त्याने दारातून तिला बघितलं, जेवला, आणि रिकामी गाडी घेऊन पनवेलला गेला. बॅग मीच उचलून कपाटात ठेवली. खरं सांगतो, तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

संध्याकाळी ती उठली. आईने तिला सगळी कहाणी तिखटमीठ लावून सांगितली होती. पोर हसून हसून दमली. मग मला जवळ बसवून घेतलं.

"बाबा, एक ऐकाल?"

"बोल ना, बाळा."

"बाळ झालं ना, की त्याला दुपट्यात आई गुंडाळेल. तुम्ही फक्त लांबून बघायचं."