लेकीच्या घरचं पहिलं पाणी

मे महिन्याच्या भर दुपारी, माझ्याच घरात, वाढलेल्या ताटावर बसलेल्या एका म्हाताऱ्या माणसाला मी पाणी दिलं नाही. तो माणूस माझा सासरा होता. ही गोष्ट मी आजवर पुष्कळांना सांगितली, पण दर वेळी थोडी धुऊनपुसून सांगितली. आज तशी सांगणार नाही.

आमच्याकडे जुनी माणसं एक नेम पाळत. लेकीला लेकरू होत नाही तोवर बापाने तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणीही प्यायचं नाही. माझे सासरे मौद्याच्या पलीकडच्या एका गावचे, धानाची शेती करणारे. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेलेल्या आणि ही एकुलती एक लेक. दर दोन-तीन महिन्यांनी तांदळाचं अर्धं पोतं खांद्यावर टाकून ते एसटीने नागपूरला यायचे आणि आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांपुढच्या ओट्यावर बसायचे. बायको दर वेळी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर यायची आणि ते दर वेळी हात जोडायचे.

"राहू दे वं माय. येईल तो दिवस बी येईल."

मग समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन दोन ग्लास पाणी प्यायचे, तोंड पुसायचे आणि पुन्हा ओट्यावर येऊन लेकीशी बोलत बसायचे.

असं सहा वर्षं चाललं. तिला त्याचं दुःख व्हायचं, मला संताप यायचा. टपरीवाल्याने एकदा चार माणसांसमोर मला विचारलं, "क्यों बाबूजी, ससुरजी को घर में पानी नहीं मिलता क्या?" सगळे हसले, मीही हसलो. पण म्हाताऱ्याने नाकारलेला प्रत्येक तांब्या गल्लीला ओरडून सांगत होता, की या घरात अजून पाळणा हलला नाही. एकदा मी त्यांना म्हटलं, "मामाजी, माझ्या घरच्या पाण्यात काय दोष आहे?"

"पाण्यात काय दोस राहते, जवाईबापू? नेम हाय. माह्या बापानं पाळला, मी पाळून राह्यलो."

त्यांच्या बोलण्यात कसलाही आकस नव्हता. मी मात्र ते मनात धरून ठेवलं.

त्याच सुमारास मला पित्ताचा त्रास सुरू झाला. ऑफिसातल्या एकाच्या सांगण्यावरून मी पहाटे बागेत जाऊ लागलो. तिथे एक निवृत्त मास्तर निसर्गोपचाराचे धडे देत. त्यांचा मुख्य नियम पाण्याचा होता. प्यायचं ते जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर एक तासाने. जेवताना एक थेंबही नाही, कारण त्याने जठरातला अग्नी विझतो. मी नियम पाळला आणि मला बरं वाटलं. कदाचित मी मिरचीही सोडली होती म्हणून असेल, पण श्रेय मी पाण्याला दिलं, आणि एखाद्याला नवा देव सापडावा तसा वागू लागलो. पाहुणे आले की त्यांच्या ताटाजवळचे ग्लास मोजायचो. त्याच वर्षी बायकोला दिवस गेले, तरी तिचाही ग्लास मी उचलून स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवायचो.

"तुमच्या पोटात अग्नी असंल," ती म्हणायची, "माह्या पोटात लेकरू हाय." आणि ग्लास परत घ्यायची.

मुलगी झाली. माहेरी बाळंतपण करणारं कुणी नव्हतं, म्हणून ते नागपुरातच झालं. बाराव्या दिवशी बारसं ठेवलं. माणसं मोजकीच बोलावली होती: माझे हेडक्लार्क, दोन सहकारी आणि शेजारच्या काकू. स्वयंपाक काकूंनीच केला होता.

सासरे सकाळच्या गाडीने निघाले होते. गाडी वाटेत बंद पडली, म्हणून आले तेव्हा बारा वाजून गेले होते. स्टँडपासून चालत आले होते. डोक्याला बांधलेला दुपट्टा घामाने भिजलेला, ओठ पांढरे पडलेले. काकूंनी दारातच पाणी पुढे केलं. त्यांनी मान हलवली, पण या खेपेला ते हसत होते.

"आता नाई. आधी नातीचं तोंड पाहतो, मंग ताटावरच पेतो. लेकीच्या घरचं पह्यलं पाणी हाय, असं उभ्यानं काहून पेऊ?"

त्या दिवशी ते टपरीवरही थांबले नव्हते. आत गेले, पडद्याआड लेकीजवळ बसले, नातीच्या मुठीत चांदीचे वाळे दिले. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. पंगत मांडलेली होती. वडाभात केला होता. नागपूरबाहेरच्या माणसाला सांगायचं तर डाळीचे कोरडे वडे भातावर कुस्करायचे आणि वर लाल मिरचीचं कढत तेल ओतायचं. पाण्याशिवाय हा घास घशाखाली उतरत नाही.

काकूंनी त्यांच्या ताटाजवळ भरलेला ग्लास ठेवला. मी तो उचलला.

"मामाजी, आपल्याकडे जेवताना पाणी नाही. जेवण झाल्यावर तासाभराने घ्या."

त्यांना ती थट्टा वाटली. "जवाईबापू मस्करी करून राह्यले," ते शेजारच्या माणसाला म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "बरं, ताटाभोवती फिरवाले तं द्या."

मी तांब्या आणला. त्यांनी ओंजळ पुढे केली. मी तळहात जेमतेम ओला होईल इतकं पाणी ओतलं आणि तांब्या मागे घेतला. माझे एक सहकारी म्हणाले, "अरे, तीर्थ देतोस की काय?" पंगत हसली. म्हाताऱ्याने तेवढंच पाणी ताटाभोवती फिरवलं, डोळे मिटून हात जोडले आणि जेवायला सुरुवात केली.

तिसऱ्या घासाला त्यांना ठसका लागला. मिरचीचं तेल श्वासात गेलं असावं. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. काकू ग्लास घेऊन धावल्या. मी हात आडवा धरला.

"थांबा काकू. ठसका आपोआप जातो. मामाजी, हळू चावून खा."

ठसका खरंच गेला. त्याला किती वेळ लागला ते मला सांगता येत नाही. मग ते उठले. भरल्या ताटावरून उठले. खरकटा हात त्यांनी डोक्याच्या दुपट्ट्याला पुसला, कोपऱ्यातली पिशवी घेतली आणि दाराशी गेले. मी मागोमाग गेलो. ते इतक्या हळू बोलले, की पंगतीला ऐकू गेलं नसेल.

"सहा वर्सं मी तुमचं पाणी नाई पेलं, त्याचा बदला घेतला तुमी. ठीक हाय. पोरीले सांगू नका. म्हणा, तुहा बाप जेवून गेला."

पण दोन खोल्यांचं घर आणि मध्ये एक पडदा. तिने सगळं ऐकलं होतं.

संध्याकाळी मी आत गेलो तेव्हा ती लेकराला घेऊन भिंतीकडे तोंड करून निजली होती. मी समजावू लागलो: आरोग्याचा प्रश्न होता, नियम सगळ्यांना सारखा. ती वळली नाही.

त्यानंतर तिने मला आपल्या हाताने पाणी दिलं नाही. स्वयंपाक करायची, वाढायची, डबा भरायची. पण ऑफिसातून आलो, सायकल लावली, की पूर्वी पुढे यायचा तो ग्लास बंद झाला. पहिल्या दिवशी मी मागितला, तर म्हणाली, "तुमचा अर्धा तास झाला की एक तास झाला, मले काय मालूम? माठ तिथं हाय." हे चार वर्षं चाललं. मुलगी बोलायला लागली, तिला या घरात आई बाबांना पाणी देत नाही याचं नवल वाटत नसे.

सासरे पुन्हा आले नाहीत. तांदूळ मात्र येत राहिला, गावच्या एका माणसासोबत. बायको वर्षातून दोनदा मुलीला घेऊन माहेरी जायची. मला "चला" म्हणायची नाही.

दुसऱ्या वर्षी मी एकदा एकटाच गेलो. माफी मागायला, असं मी स्वतःला सांगितलं होतं. पण पिशवीत मास्तरांनी दिलेलं पाण्याच्या नियमाचं चोपडं होतं. ओसरीवर बसून मी त्यांना त्यातलं वाचून दाखवू लागलो. ते शांतपणे ऐकत होते.

"वाचून झालं?" त्यांनी विचारलं. "आता जेवून जा. पाणी आधी देऊ, का मंधात, का मंग? नियम तुमीच सांगा बाप्पा, आमी अडाणी." दारात उभ्या असलेल्या त्यांच्या पुतण्याच्या बायकोने हसू लपवायला तोंडाला पदर लावला. मी न जेवता परतलो आणि घरी येऊन म्हणालो, "तुझ्या बाबांना समजूनच घ्यायचं नाही."

"चोपडं वाचलं म्हणे त्यांच्यासमोर," ती म्हणाली. बातमी माझ्या आधी पोचली होती.

चौथ्या उन्हाळ्यात माझ्या पाठीत कळा सुरू झाल्या. डॉक्टरांनी मुतखडा सांगितला. पाणी किती पिता, कधी पिता, हे विचारलं. मी माझा नियम सांगितला तसे ते भडकले. "नागपुरात राहता, उन्हात सायकल चालवता आणि घड्याळ बघून पाणी पिता? तहान लागली की प्या. आधी, मध्ये, नंतर, केव्हाही प्या."

मी घरी आलो. एक प्रकारे सुटल्यासारखं वाटत होतं. बायकोला म्हटलं, "तो नियमच चुकीचा होता. मी मामाजींना जाऊन सांगतो, मला चुकीचं शिकवलं गेलं."

ती तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"नियमाचं नाव नका घेऊ. बारशाच्या दिवशी तुमच्या हेडक्लार्कच्या ताटाजवळ ग्लास होता का नाई? दोन ग्लास पेले थे. काकूंनी भरले. तुमच्या दोन्ही मित्रांचे बी होते. तुमी त्यांचा एक तरी उचलला?"

ती पुढे बोलत राहिली.

"एकाच पंगतीत चार माणसं होती. अग्नी का फक्त माह्या बापाच्याच पोटात होता? मले त्याच दिवशी काकूंनी सांगतलं. चार वर्सं मी वाट पाहून राह्यली, का हा माणूस कधी आपल्या तोंडानं बोलते. बाबा थकले आता. ते गेल्यावर तुमी मातीले येऊ नका. मी येऊ देणार नाई."

ती म्हणाली ते खरं होतं. हेडक्लार्क साहेबांचा ग्लास मी पाहिला होता. तो उचलायचा नाही हे मी ठरवलं होतं, आणि म्हाताऱ्याचा उचलताना आत कुठेतरी बरंही वाटलं होतं: सहा वर्षं तू माझं पाणी परत पाठवलंस, आता बघ. नियम बरोबर असता तरीही मी तेच केलं असतं. डॉक्टरांनी मला कशातूनही सोडवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून पहिल्या गाडीने निघालो. सासरे गोठ्यापुढे बाजेवर बसले होते. जवळ पुतण्या आणि गावची दोन-तीन माणसं. मला पाहून ते हलले नाहीत.

"या. आज कोनतं पुस्तक आनलं?"

माणसं हसली. माझा अपमान होत होता आणि तो मला गिळायचा होता. वाटलं, यांना बाजूला बोलवावं. पण त्यांना ओंजळभर पाणी मी पंगतीसमोर नाकारलं होतं. मी उभ्याउभ्याच, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"मामाजी, त्या दिवशी नियम वगैरे काही नव्हता. माझ्या साहेबांच्या ताटाजवळ पाणी होतं, माझ्या मित्रांच्याही होतं. फक्त तुमचं मी उचललं. तुम्ही इतकी वर्षं माझ्या घरचं पाणी घेतलं नाही, त्याचा राग मी मनात ठेवला होता. तुम्ही तहानलेले आहात हे मला दिसत होतं. ठसका लागला तेव्हाही दिसत होतं. तुम्ही दाराशी जे म्हणालात ते खरं होतं, आणि मी चार वर्षं तुमच्या लेकीला खोटं सांगत राहिलो. मी मुद्दाम केलं. माझं चुकलं, मामाजी. मला माफ करा."