नावाड्याच्या खिशातला पेरू

धक्क्यावरच्या तपासणी-खोलीत मावशींनी एकोणीस वर्षं लोकांचे बूट उलटे करून पाहिले. समोरच्या समुद्रात, बोटीने दोन तासांवर, जपून ठेवलेली सात बेटं होती. तिथे दिवसाला चाळीस माणसं जाऊ शकत, पण बाहेरचं बी एकही नाही. बुटाच्या खाचेतून किंवा पिशवीच्या तळातून एखादं कुसळ तिकडे गेलं, तर बेटावरची मूळची झाडं संपायला वेळ लागत नाही, असं भिंतीवरच्या पाटीवर लिहिलं होतं. पाटी कोणी वाचत नसे. म्हणून ब्रश, चिमटा आणि मावशी.

मावशी स्वतः बेटावर कधी गेल्या नव्हत्या. त्यांची सगळी माहिती परतलेल्या प्रवाशांकडून उसनी घेतलेली. एक म्हणे, पाणी असं निळं की बघत राहावं. दुसरा म्हणे, नुसतं ऊन. एका प्राध्यापकबाईंनी खेकड्यांबद्दल अर्धा तास सांगितलं, ते मावशींनी घरी बहिणीला पाऊण तास सांगितलं.

"तू पाहिलेस का गं ते खेकडे?" बहीण विचारी. मग मावशी भाजी चिरायला घेत.

निवृत्तीला चार दिवस उरले होते आणि पक्ष्यांच्या विणीसाठी बेटं पाच महिने बंद होणार होती. शेवटच्या बोटीत एक जागा रिकामी होती, ती साहेबांनी मावशींना दिली. ही हुकली असती, तर साध्या प्रवाशांच्या यादीत त्यांचा नंबर सहा वर्षांनी लागला असता.

स्वतःची तपासणी स्वतः करायची नाही, हा नियम मावशींनीच हट्टाने करवून घेतलेला. त्यामुळे साहेब चष्मा कपाळावर ढकलून उकिडवे बसले आणि त्यांनी मावशींच्या चपला मन लावून पाहिल्या.

"स्वच्छ!" ते म्हणाले.

बोटीत पाय टाकणार तोच मावशींना स्वतःच्या स्वेटरच्या बाहीत कुसळ दिसलं. मग दुसरं. तपासणी-खोलीत रोज घालायचा स्वेटर तो. त्याने गवत गोळा केलं नसतं तरच नवल.

"मावशी, आता कोण बघतंय?" साहेब हळूच म्हणाले.

"मी बघतेय की."

स्वेटर धक्क्यावर राहिला. वारा मात्र बोचरा होता. "काकडाल. माझा रेनकोट घ्या," नावाडी म्हणाला. मावशींनी तो अंगात घालण्याआधी सवयीने खिसे उलटे केले. अर्धा खाल्लेला, वाळून सुपारी झालेला एक पेरू बाहेर पडला.

"हे काय रे?"

"पेरू."

"ते दिसतंय. तुझी तपासणी कोण करतं?"

नावाड्याने साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी मावशींकडे. रोज जाणाऱ्या माणसालाही तपासायचं असतं, हे इतक्या वर्षांत कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मी काय परका आहे?" नावाडी दुखावला. "अकरा वर्षं जातोय."

"अकरा वर्षं पेरू खातोयस?"

"रोज नाही."

मावशींनी पेरू साहेबांच्या हातात ठेवला, रेनकोटाच्या शिवणी ब्रशने घासल्या, तो अंगात अडकवला आणि त्या बोटीत बसल्या.

बेटावर दोनच तास मिळतात. बाकीचे फळ्यांच्या पायवाटेने पुढे गेले. मावशींनी नावाड्याला विचारलं, "तू डबा कुठे खातोस?"

त्याने पहारेकऱ्याच्या खोपटामागे बोट दाखवलं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत पेरूची तीन तजेलदार रोपं उभी होती.

"पहारेकरी रोज पाणी घालतो," नावाडी खाली बघत म्हणाला. "त्याला वाटतं, बेटावरचंच काहीतरी दुर्मिळ आहे."

मावशी मातीत बसल्या. दोन रोपं चटकन आली. तिसऱ्याने जीव काढला. मुळाचा शेवटचा तंतू हाती लागेपर्यंत पाऊण तास गेला होता. त्या घाम पुसत होत्या तेवढ्यात उकरलेल्या खड्ड्याच्या काठावर एक करडा पक्षी येऊन उतरला. मान वाकडी करून तो आत डोकावला, चोच घातली, काढली, पुन्हा डोकावला.

"मावशी, चला," नावाडी म्हणाला. "अजून सगळं बेट बघायचं राहिलंय."

"थांब रे," मावशी जागच्या न हलता कुजबुजल्या. "त्याला आत काय सापडतंय ते आधी बघू दे."