तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामध्ये

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे मिस्त्री म्हणत. वय पन्नाशीचं, बोलणं तुटक, कामाला पक्का. घरी तो आणि त्याची मोठी बहीण, ताई, दोघंच.

ताई ऑटिस्टिक. लहानपणी हा शब्द घरात कुणाला ठाऊक नव्हता; पोरगी हट्टी आहे म्हणून सगळे मोकळे होत. आवाज, उजेड, माणसं एकदम अंगावर आली की ती किंचाळायची, भिंतीवर डोकं आपटायची. वडील म्हणायचे, घट्ट धरून ठेव. सतराव्या वर्षी मिस्त्रीने तिला तशी धरली आणि तिचं मनगट मुरगळलं. दोन दिवस ती एक अक्षर बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "धरलंस की वाढतं. धरू नकोस, विचारू नकोस. नुसता थांब."

तो थांबायला शिकला. लिफ्टचं काम त्या मानाने लवकर जमलं होतं.

एका दुपारी पाच मजली इमारतीच्या वॉचमनचा फोन आला. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली होती. मिस्त्री पोहोचला तेव्हा अलार्म कर्कश वाजत होता. चौथ्या मजल्यावर सात-आठ जण दाराला तोंड लावून ओरडत होते, "घाबरू नका, शांत व्हा." आतून पत्र्यावर धप्, धप् आवाज येत होता. तो आवाज मिस्त्रीच्या ओळखीचा होता.

"आत कोण आहे?"

"दातांच्या डॉक्टरकडे आलेली मुलगी. वीसेक वर्षांची. बरोबर तिची मावशी आहे," वॉचमन म्हणाला. "मुलीला वेड लागल्यासारखं झालंय."

"वेड नाही. या सगळ्यांना खाली न्या."

तो गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत धावला. आधी अलार्मची वायर काढली. लिफ्टमधली ट्यूब फडफडत असणार, म्हणून तीही बंद केली; पंखा चालू ठेवला. त्याच क्षणी खालून किंकाळी आली. न सांगता अंधार केला होता त्याने. इतकी वर्षं ताईबरोबर काढून ही चूक.

तो चौथ्या मजल्यावर आला. खाली जायला तयार नसलेला एक गृहस्थ भडकला होता. "लिफ्ट काढायची सोडून दिवे कसले घालवताय?"

"अशात लिफ्ट हलवली तर ती जास्त घाबरेल. तुम्ही खाली जा."

दाराच्या फटीशी बसून तो हळू आवाजात म्हणाला, "मावशी, मी लिफ्टचा मिस्त्री. अंधार मी केलाय. लिफ्ट पडणार नाही. तुम्ही तिला धरलंय का?"

"सोडलं तर डोकं फोडून घेईल हो."

"सोडा. तुमची पिशवी डोकं आणि पत्रा यांच्या मध्ये धरा. तिच्याशी बोलू नका."

"पण..."

"मावशी, सोडा."

धप्‌चा आवाज बोथट झाला, पण थांबला नाही. मिस्त्री गप्प बसून राहिला. वॉचमन जिन्यातून डोकावून घड्याळ दाखवत होता. ही बाई मुलीला पुन्हा धरेल, किंवा धरणार नाही आणि मुलीला लागेल, आणि दोष आपल्या माथी येईल, असं मिस्त्रीला वाटत राहिलं. अकरा मिनिटांनी आवाज विरळ झाला. मग नुसता श्वास ऐकू आला.

"आता मी लिफ्ट हाताने खाली घेणार," तो म्हणाला. "वीतभर हलेल, थांबेल. पुन्हा हलेल. प्रत्येक वेळी आधी कर्रर्र आवाज येईल."

पुन्हा वर जाऊन त्याने ब्रेक सोडत, मशीनचं चाक हाताने फिरवत लिफ्ट वीत-वीत खाली घेतली. लिफ्ट तिसऱ्या मजल्याला लागली. त्याने खाली येऊन दार उघडलं. मावशी रडत बाहेर आली. मुलगी कोपऱ्यात गुडघ्यांत मान घालून बसली होती. ना हालचाल, ना शब्द.

"बेशुद्ध पडलीय का?" वॉचमन पाणी घेऊन पुढे सरसावला.

मिस्त्रीने त्याला अडवलं. तिचा श्वास नीट चालला होता, बोटं चपलेचा पट्टा चोळत होती. "शुद्धीत आहे. थकून मिटलीय. पाणी तिथे ठेवा आणि लांब व्हा."

त्याने दार उघडं ठेवलं, खाली 'काम चालू' अशी पाटी लावली. जिने चढणाऱ्यांनी त्याला मनसोक्त बोलून घेतलं. चाळीस मिनिटांनी मुलगी आपणहून उठली, पाणी प्यायली आणि जिन्याने उतरून गेली. त्याच्याकडे तिने पाहिलंही नाही.

संध्याकाळी त्याने ताईला सगळं सांगितलं.

"अंधार करण्याआधी सांगायचं असतं," ताई म्हणाली.

"चुकलं."

"तिला चुकलं म्हणालास?"

आठ दिवसांनी मावशीचा फोन आला. भाचीला लिफ्ट का अडकली ते बघायचं होतं. एका शांत दुपारी दोघी गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत आल्या. मुलीने कानांवर जाड हेडफोन घातले होते. मिस्त्री आधी म्हणाला, "त्या दिवशी न सांगता दिवा घालवला. चुकलं माझं."

मुलगी लिफ्टच्या दोरांकडे बघत होती. "किती दोर?"

"चार. लिफ्ट पेलायला एकही पुरतो."

तिने ते दोनदा मोजले. ब्रेक कुठे, वायर कुठली निसटली, सगळं विचारून घेतलं. परत जाताना मावशी सवयीने भाचीच्या खांद्यावर हात ठेवणार होती, पण मावशीने तो मागे घेतला आणि विचारलं, "जिना की लिफ्ट?"

"जिना," मुलगी म्हणाली.